उन्हाळ्याची सुट्टी आणि परदेशची प्रयोगशाळा



वर्धापनदिनी चार शब्द बोलावयास सांगितले, म्हणून उभी राहिले. प्रयोगशाळेत मी कधी पाऊल टाकलेले नाही. पण मुलीला तिथे धाडायचे की नाही, हे शेवटी आपल्याच स्वयंपाकघरात ठरते ना!

मुली जिला इंटर्नशिप म्हणतात ती अशी. बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी उन्हाळ्यात दोन-तीन महिने परदेशी विद्यापीठात एखाद्या प्राध्यापकाच्या हाताखाली संशोधन करते. पदवी नाही, नोकरीही नाही. मग मिळते काय? आपल्या नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळत असते. अवकाळी पाऊस आला की माल खराब होतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. पण का होतो, किती ओल राहिली म्हणजे होतो, हे मोजायचे, लिहून ठेवायचे, चुकले तर पुन्हा मोजायचे, ही ती विद्या. ती जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच येते. पोळी लाटणे कुणी पाटीवर लिहून शिकले आहे का?

जर्मनीची डाड ही संस्था वाईज नावाची योजना चालवीत आली आहे. कॅनडाची मायटॅक्स ग्लोबलिंक 12 आठवड्यांची. उन्हाळ्यात जायचे तर अर्ज आदल्या वर्षीच, पावसाळा सरता सरता करावा लागतो, आणि इथेच आपल्या मुली मागे पडतात. शिवाय जर्मनीची योजना ठरावीक संस्थांतील मुलांनाच खुली. तेव्हा तालुक्याच्या कॉलेजातील मुलीने आधी आपल्या देशातील तीन विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज करावा, असे मला वाटते. दोन महिने इथल्या प्रयोगशाळेत काढले, की पुढची वाट सोपी.

कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमलाबाई सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. 1933 साली बंगळूरच्या संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. एक वर्ष परीक्षा पाहू, अशा अटीवर आत गेल्या, पुढे केंब्रिजला गेल्या आणि 1939 साली डॉक्टरेट मिळवली. आज दार कुणी असे उघड अडवीत नाही. आज अडवतो तो ‘स्थळ बघायचे आहे’ हा निरोप. तीन महिन्यांत कुठले स्थळ पळून जाते, देव जाणे!

मात्र सावधही राहावे. ‘परदेशी इंटर्नशिप मिळवून देतो, आधी पैसे भरा’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. चांगल्या योजना विद्यार्थ्यालाच पैसे देतात. प्राध्यापकाचे नाव विद्यापीठाच्या पानावर पाहावे, राहण्याची सोय लेखी मागावी, विमा आहे का ते विचारावे. आणि आपली परीक्षा त्याच महिन्यांत येते का, हे प्राचार्यांना आधीच विचारून घ्यावे.

एक अडचण खरीच आहे. योजनेचे पैसे पुष्कळदा तिथे पोचल्यावर हाती येतात. पासपोर्ट, व्हिसा आणि कधी कधी तिकीटही आधी घरातून. म्हणून माझी सूचना आहे, की मंडळाच्या शिलकीतून काही रक्कम बिनव्याजी उसनी देण्यासाठी वेगळी काढावी. मुलगी परतली की तिने ती फेडावी. पुढच्या सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदन कोण देणार, ते आजच सांगा.