काळीतलं घर

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या खामगावला रजतनगरी म्हणतात. रजतनगरीत रौप्यमहोत्सव, म्हणजे चांदीवर चांदी! पण कार्यकारिणीने मला विषय दिला तो मातीचा. हरकत नाही, माझं आयुष्य बांधकामावर, मातीतच गेलं.

सुरुवात एका कबुलीने करतो. २५ वर्षांपूर्वी माझ्या घराचा पाया खणत होते. चार फुटांवर मी म्हणालो, बस. खणणारा बाबा म्हणाला, "सायेब, काळीच हाय अजून. खाली जा लागते." मी डिप्लोमावाला, तो मजूर, मी ऐकलं नाही. थोडे पैसे वाचले. तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली. दर पावसाळ्यात ती मिटते, दर उन्हाळ्यात उघडते. आमच्या सौ. तिला 'आपलं कॅलेंडर' म्हणतात.

वरच्या रांगेतल्या घरांचा नकाशा तोच, सिमेंट तेच, गवंडीही तेच. तिथे भेग नाही, कारण तिथे तीन फुटांवर मुरूम लागला. खालच्या रांगेत, नाल्याकडे, काळी खोल आहे. एकाच लेआउटमध्ये दोन जमिनी! जिल्ह्याचंही तसंच आहे. घाटावर अनेक ठिकाणी मुरूम आणि खडक लवकर लागतो. घाट उतरून पूर्णेकडे जावं तशी काळी खोल होत जाते.

आपल्या पूर्वजांच्या बोलीत गावठाणाला 'पांढरी' आणि शेतीला 'काळी' म्हणत. पांढरीत राहायचं, काळीत पिकवायचं. आपण काय केलं? काळी एनए केली आणि तिच्यावर घरं बांधली. त्यात पाप नाही. पण काळीत राहायचं तर तिचा स्वभाव ओळखून राहावं.

काय आहे हा स्वभाव? आपल्याकडचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, हजारो वर्षं झिजून ही माती झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे थर पोथीच्या पानांसारखे असतात. पाणी पानांच्या मधे शिरलं की माती फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात शेतातल्या भेगेत हात जातो, तो यामुळेच. घराखालची मधली माती फारशी भिजत नाही की वाळत नाही. कडेची मात्र दरवर्षी भिजते आणि वाळते. मग घराचे कोपरे उचलतात, बसतात, आणि भिंत तडकते.

उपाय आहेत. मुरूम किंवा खडक आवाक्यात असेल तर पाया तिथपर्यंत न्यावा. काळी फार खोल असेल तर 'अंडर-रीम्ड पाईल' असते: जमिनीत खोल जाणारा, तळाशी कांद्यासारखा फुगीर काँक्रीटचा खांब. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने ही पद्धत आपल्या देशात रुजवली. खोल काळीत हे खांब साधारण ३.५ मीटरपर्यंत नेतात, कारण ऋतूनुसार होणारी हालचाल त्याखाली फारशी पोचत नाही. ज्यांची घरं झालीच आहेत, त्यांनी भेगेत सिमेंट भरण्याआधी पाणी आवरावं. गच्चीचं पाणी पाईपने दूर सोडा, घराभोवती बाहेरच्या बाजूला उताराची फरशी करा आणि गळका नळ आजच दुरुस्त करा.

आता सेप्टिक टँक. आपला शोषखड्डा दर श्रावणात का भरून वाहतो? कारण भिजलेली काळी पाणी पीत नाही. तपासणी सोपी आहे. शोषखड्ड्याच्या खोलीइतका लहान खड्डा घ्या, तळाशी थोडी जाड वाळू टाका, रात्रभर पाण्याने भिजवा. सकाळी पुन्हा पाणी भरून ते अडीच सेंटिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळात पाहा. अर्ध्या तासाहून जास्त लागला तर शोषखड्डा चालणार नाही, लांब चर लागतील. तासाहून जास्त लागला तर जमिनीवर विसंबूच नये, गाळणीची वेगळी सोय करावी. वरच्या रांगेने मात्र 'आमचं पाणी झटक्यात मुरतं' म्हणून खूश होऊ नये. मुरमाखालच्या खडकाच्या फटींतून तेच घाण पाणी बोअरला जाऊन मिळू शकतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर आणि घरापासून किमान ६ मीटर अंतर हवं.

भगिनींनी बागेचं विचारलं होतं. लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील, तर बहुधा लोह कमी पडतंय. मातीत चुनखडी असली की लोह असूनही झाडाला मिळत नाही. शेणखत, पालापाचोळ्याचं खत द्या आणि रोज पाणी घालू नका. काळी पाणी धरून ठेवते. पिंपळ, उंबर भिंतीजवळ नकोच. झाड जेवढं उंच होणार, तेवढं ते घरापासून लांब लावा. आणि पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात ज्यांची शेती किंवा प्लॉट आहे, त्यांनी बोअरचं पाणी तपासल्याशिवाय बागेला देऊ नये. खाऱ्या पाण्याने माती घट्ट होते, मग तिच्यात पाणीही मुरत नाही.

शेवटी कामाचं बोलतो. पुढच्या सर्वसाधारण सभेत दोन विषय आहेत: खालच्या रांगेत दुसरा मजला आणि बगीच्यात, बोअरजवळ, नवा शोषखड्डा. माझी विनंती एवढीच, की हात वर करण्याआधी खड्डे घ्या. वरच्या रांगेत एक, खालच्या रांगेत दोन, बगीच्यात एक. माती प्रयोगशाळेत द्या, अहवाल सभेत वाचा, मग ठरवा. खर्च होईल, पण तो माझ्या भिंतीवर आजवर झालेल्या खर्चापेक्षा कमीच असेल.

तो खणणारा बाबा नंतर मला भेटला नाही. त्याचं म्हणणं मात्र दर उन्हाळ्यात माझ्या भिंतीवर उमटतं. सुवर्णमहोत्सवाला जो कोणी इथे बोलायला उभा राहील, त्याच्यावर अशी कबुली द्यायची वेळ येऊ नये.