घोंगडीची लोकर आणि दोन सुया
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



लोकरीचे विणकाम व त्याचे शिक्षण या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. मी काही वक्ती नव्हे. हातात सुया आल्या की माझे तोंड बंद होते, असे घरची मंडळी म्हणतात. परंतु सणगराच्या घरात लोकरीविषयी बोलावयास संकोच कसला?

धनगर बंधूंनी मेंढरे राखावीत, आपल्या घरच्या स्त्रियांनी लोकर पिंजून कातावी आणि पुरुषांनी ताण्याला चिंचोक्याची खळ लावून खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणावी, अशी ही जुनी साखळी. शिरूर व दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. घोड आणि भीमा यांचे काठ सोडले तर बहुतेक माळरानच. दिवाळीनंतर कळप कोकणाच्या वाटेला लागत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी माघारी येत. पुढे कालव्यांबरोबर ऊस आला, रांजणगाव व कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि चराऊ रान आकसले. पानिपतची स्वस्त ब्लँकेटे बाजारात आल्यावर घोंगडीचे गिऱ्हाईक गेले. मेंढपाळाला आता पैसा मिळतो तो मांसाचा. लोकरीच्या विक्रीतून कित्येकदा कातरणीची मजुरीही सुटत नाही, म्हणून कातरलेली लोकर बांधावर टाकून दिलेली मी स्वतः पाहिली आहे. आमच्या शिरूरच्या घरातील मागाचा खड्डा मुजवून तेथे फरशी बसविली, तेव्हा सासूबाई कित्येक दिवस त्या फरशीवर पाय ठेवीत नव्हत्या.

दोन सुयांचे विणकाम आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आले. 1962 साली चीनचे आक्रमण झाले त्या हिवाळ्यात देशभरच्या स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर व मोजे विणले. मात्र हे विणकाम आपण शिकलो ते दुकानातील रंगीत लोकरीवर. घरच्या काळ्या लोकरीचा आणि या सुयांचा संबंध जोडावा, हे फारसे कोणास सुचले नाही. मलाही ते सुचले नव्हते. एका फजितीने सुचविले.

मेंढीच्या पिलाची पहिली कातर म्हणजे जावळ. मुलाच्या पहिल्या केसांना जो शब्द, तोच येथेही. ही लोकर मऊ असते. सासूबाईंनी कातून दिलेल्या जावळाच्या सुताचा मी मुलासाठी एक स्वेटर विणला, आणि मळला म्हणून कढत पाण्यात साबण घालून दगडावर खसाखसा चोळला. वाळल्यावर पाहते तो काय, स्वेटर बाहुलीला बसेल एवढा आणि पुठ्ठ्यासारखा घट्ट! मी रडकुंडीला आले. सासूबाईंनी तो हातात घेऊन दाबून पाहिला व म्हणाल्या, “अगं, हे तर जेन झालं.”

जेन म्हणजे न विणलेले लोकरी अंथरूण. कोल्हापूर व बेळगावकडच्या मंडळींना ते ठाऊक आहे. पिंजलेली लोकर थरावर थर पसरावयाची, पाणी शिंपडावयाचे, गुंडाळावयाचे आणि हातापायांनी मळावयाचे. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे बारीक खवले असतात. उष्णता, साबण व घर्षण यांनी ते एकमेकांत गुंततात आणि पुन्हा सुटत नाहीत. भिजत घोंगडे पडले म्हणजे काम अडले असे आपण म्हणतो. माझे काम मात्र तेथूनच सुरू झाले.

तेव्हापासून मी हीच क्रिया मुद्दाम करते. टोपी हवी त्यापेक्षा सुमारे दीडपट मोठी आणि सैल विणावयाची, मग कोमट पाण्यात मळून मापाला आणावयाची. किती आटेल हे प्रत्येक कातरीच्या लोकरीवर अवलंबून असते, म्हणून आधी चार बोटांचा तुकडा विणून, मळून, मोजून पाहावा. हा तुकडा टाळणाऱ्या मुलीस मी रागावते. आपली दख्खनी लोकर जाड व केसाळ. तिचे तान्ह्या बाळाचे झबले करू नये. ते टोचेल, आणि दोष मात्र लोकरीला लागेल. जाकीट करावे व आतून सुती अस्तर लावावे. घरात घालावयाच्या सपाता कराव्यात. कानटोपीसाठी जावळच घ्यावी. रंगाचा खर्च नाही. काळा, करडा, तपकिरी आणि पांढरा हे रंग मेंढीच देते.

शिकविण्याविषयी सांगावयाचे तर, नुसते उलट-सुलट टाक्यांचे नमुने गिरवून मुली कंटाळतात. माझ्याकडे पहिली वस्तू कानटोपीच. धाकट्या भावाने ती डोक्यावर घातली की मुलगी पुढच्या शनिवारी आपण होऊन येते.

तथापि हौसेपुरते शिक्षण मला अपुरे वाटते. आपल्या दौंड तालुक्यातच, केडगावी, पंडिता रमाबाईंनी 1896-97 च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना आश्रय दिला आणि त्यांच्या मुक्ति सदनात विणकाम, शिवणकाम, भरतकाम यांचे वर्ग चालविले. त्यांच्या धर्ममतांविषयी कोणाचे काहीही म्हणणे असो, पोटापाण्याची विद्या म्हणून हस्तव्यवसाय शिकवावा, ही त्यांची दृष्टी मला मोलाची वाटते. शहरातील एका दुकानदाराने माझ्या मुलींच्या टोप्या ठेवून घेतल्या व हिशेबात केवळ विणणावळ धरली. कातणावळ कोठे, असे विचारता तो म्हणाला, “आजीबाई बसल्या बसल्या कातणारच ना!” मी टोप्या परत आणल्या. मुली हिरमुसल्या, घरीही बोलणी खावी लागली. पण ज्या घरात कातणाऱ्या म्हातारीचे श्रम फुकट समजले जातात, त्या घरातील नात चरख्याजवळ का बसेल? आता मी प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर पिंजणे, कातणे, विणणे आणि मळणे यांचे तास निरनिराळे लिहिते. विक्री थोडी होते, हे कबूल करते.

मेंढपाळांशी ज्यांचा घरोबा आहे त्यांनी पुढील कातरीच्या वेळी जावळ वेगळ्या पोत्यात भरून ठेवण्यास सांगावे; एकदा मिसळली की ती निवडता येत नाही. आणि ज्यांच्या माळ्यावर जुना चरखा, पिंजण्याची धनुकली अथवा खळीचा कुंचा धूळ खात पडला असेल, त्यांनी तो मोडीत देण्यापूर्वी मला निरोप धाडावा. नेण्याची व्यवस्था मी करीन.