आरमार आणि इंजिन

(अलिबाग येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. वायव्येला खांदेरी-उंदेरीची बेटे दिसतात. या सागराने स्वावलंबनाचा धडा साडेतीन शतकांपूर्वीच दिला आहे. शिवछत्रपतींनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत गलबते बांधावयास घेतली, तेव्हा त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. १६५९ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने त्यांना काम सोडून जाण्यास प्रवृत्त केले. परंतु महाराजांचे आरमार थांबले नाही. वीस वर्षांनी, १६७९ मध्ये, मुंबईकर इंग्रजांच्या डोळ्यांदेखत खांदेरीला तट चढला आणि मायनाक भंडाऱ्यांनी तो राखला.

लढाऊ विमानाच्या इंजिनाची कथा याच धड्याची दुसरी बाजू सांगते. १७ जून १९६१ रोजी ‘मरुत’ हे भारतात घडविलेले विमान आकाशात झेपावले. त्याचा सांगाडा ध्वनीहून अधिक वेग डोळ्यांसमोर ठेवून आखला होता. पण त्याला साजेसे सामर्थ्यवान इंजिन मिळाले नाही. ब्रिटिश ‘ऑर्फियस’वरच भागवावे लागले आणि उत्तम विमान अपुऱ्या बळावर उडत राहिले.

१९८९ मध्ये बंगळूरच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेकडे ‘कावेरी’ इंजिनाचे काम आले. काम सोपे नव्हते. टर्बाइनच्या पात्यांवर येणारा वायू त्या धातूच्या वितळणबिंदूहूनही तप्त असतो. पाते टिकावे म्हणून ते एकाच स्फटिकाचे ओतावे लागते, त्यात थंड हवेसाठी सूक्ष्म मार्ग ठेवावे लागतात. ही विद्या कोणताही देश दुसऱ्याला सहजासहजी देत नाही. १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध लादले, तेव्हा ‘तेजस’च्या कामालाही त्याची झळ बसली. ४ जानेवारी २००१ रोजी ‘तेजस’ने पहिली भरारी घेतली, ती अमेरिकन इंजिनावर.

मात्र सारा दोष परकीयांच्या माथी मारणे हे आत्मवंचनेचे लक्षण ठरेल. ‘कावेरी’चे वजन वाढले, रेटा कमी पडला. उंचीवरील चाचण्यांसाठी रशियाला जावे लागले, कारण तशी सोय देशात उभारलेलीच नव्हती. २००८ मध्ये ‘तेजस’शी तिचा संबंध तोडण्यात आला. पुढे २०२१ मध्ये मागविलेल्या ९९ अमेरिकन इंजिनांपैकी पहिले २०२५ मध्ये हाती आले. तोवर विमानांचे सांगाडे इंजिनाची वाट पाहत उभे राहिले. त्याच वर्षी फ्रान्सच्या साफ्रान कंपनीसमवेत नवे इंजिन विकसित करण्याची घोषणा झाली. सहकार्य अवश्य घ्यावे. पण पाते ओतणारे हात आणि त्याची परीक्षा घेणारी यंत्रणा आपलीच हवी.

जंजिरा अखेरपर्यंत स्वराज्यात आला नाही, हे सत्यही या किनाऱ्याने विसरू नये. धैर्यात मराठे उणे नव्हते. भक्कम तट फोडणाऱ्या अवजड तोफांची वाण होती. शौर्याला साधनांची जोड नसेल, तर विजय दारापर्यंत येऊन परततो.

आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम आहेत. आंबा-फणसाची झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली, ती बळाने तोडू नयेत, अशी ताकीद आहे. झाड वाढण्यास पिढी लागते, हे जाणणाऱ्या राज्यकर्त्यांची ती दृष्टी होती. इंजिनही असेच वाढते. दर पाच वर्षांनी मूळ उपटून पाहणाऱ्याला त्याचे फळ मिळत नाही. या समुद्राकडे पाहणाऱ्या तरुणांपैकी काहींनी धातुशास्त्राची वाट धरली आणि राष्ट्राने त्यांच्यामागे वीस वर्षे न डगमगता उभे राहण्याचे ठरविले, तर भारताचे विमान भारताच्याच बळावर झेपावेल.