परदेशी निघालेल्या मुलीची शिदोरी



आजच्या विषयाची पाटी वाचून एका गृहस्थांनी मला वाटेतच अडवले. "मुलीला एकटीने परदेशी सेवाकार्याला पाठवा असे सांगणार आहात, की पाठवू नका असे?" त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती, काळजी होती. पाठीवर पिशवी टाकून परमुलखात जायचे, कुठे शाळेत शिकवायचे, कुठे शेतावर राबून त्या बदल्यात जेवणखाण आणि पथारी मिळवायची, असे बेत आता आपल्या गावांतल्या मुलीही करू लागल्या आहेत. तेव्हा जावे की न जावे, हा वाद मी घालीत बसत नाही. काय बांधून घेऊन जावे, एवढेच बोलतो.

ही विद्या आपल्या जिल्ह्याला परकी नाही. तुळजापूरच्या यात्रेला बायका किती दुरून पायी येतात! रस्ता लांबचा, गर्दी अफाट. पण घराण्याचा पुजारी ठरलेला असतो, आणि पोचल्यावर कुणाच्या दारी उतरायचे हे घरून निघतानाच ठाऊक असते. त्या बाईचे अर्धे संरक्षण त्या ठरलेल्या दारात आहे.

आनंदीबाई जोशी यांची गोष्ट आपण धाडसाची म्हणून सांगतो. मला ती तयारीची वाटते. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा अठरावे वर्ष नुकतेच पुरे झाले होते. पतिराज गोपाळराव मागेच राहिले. पण न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ४ जूनला त्यांना उतरवून घ्यायला आल्या त्या कार्पेंटरबाई. दोघींचा पत्रव्यवहार १८८० पासून चालू होता, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. तीन वर्षे पत्रांतून माणूस पारखला आणि मग समुद्र ओलांडला! आजची मुलगी तीन दिवसांच्या ओळखीवर विमानात बसते, तेव्हा मला भीती विमानाची वाटत नाही. तिथे आधी काम करून आलेल्या एखाद्या मुलीशी तिने स्वतः बोलावे. संस्थेने छापलेली प्रशस्तिपत्रे म्हणजे वरपक्षाने सांगितलेले वराचे गुण.

एक गोष्ट मात्र आनंदीबाईंनाही साधली नाही. परक्या देशाची थंडी आणि न मानवणारे अन्न यांनी प्रकृती खालावली. ११ मार्च १८८६ ला त्या डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला गेल्या. वाटेवरचा चोर सगळ्यांच्या ध्यानी येतो, पण गार खोली आणि अर्धपोटी दिवस कुणाच्या यादीत नसतात. म्हणून आजारपणाचा विमा काढावा, आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे, स्वतःच्या हाती ठेवावे.

याचे कारण पंडिता रमाबाईंकडे पाहून कळते. १८८३ मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडात गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात उतरल्या. आश्रय मायेचा होता. पण आश्रय देणाऱ्यांना हळूहळू वाटू लागले की हिने काय मानावे, कुणाला शिकवावे, हेही आपणच ठरवावे. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याच्या बेताला तर बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी लेखणीने सामना केला. सगळ्यांनाच तो साधेल असे नाही. जिथे जेवण आणि छप्पर एकाच्याच हाती असते, तिथे "नाही" म्हणणे जड जाते. आणि ज्या मुलीला त्याच रात्री दुसरीकडे जाता येते, तिचेच "नाही" ऐकले जाते. शेतमालक वावगे बोलला तर "आता जाऊ कुठे?" ही पाळी येऊ नये.

पारपत्र कुणी "सांभाळून ठेवतो" म्हणून मागितले तर देऊ नये. ती भारत सरकारची मालमत्ता आहे. यजमानाला तिच्यावर हक्क नाही. आणखी एक खाचखळगा असा की, पगार नसला तरी पुष्कळ देश अशा सेवेला काम समजतात आणि प्रवाशाच्या परवान्यावर ती करू देत नाहीत. ब्रिटन पाहुण्याला नोंदलेल्या धर्मादाय संस्थेत फार तर ३० दिवस सेवा करू देते. चुकीच्या परवान्यावर गेलेली मुलगी संकटातही पोलिसांकडे जायला बिचकते, आणि वाईट माणूस हे बरोबर ओळखून असतो. भारतीय वकिलातीचा पत्ता वहीत लिहिलेला असावा; २००९ पासून अडचणीतल्या भारतीयांसाठी वकिलातींकडे कल्याण निधीही आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, तेव्हा सास्तूरच्या बाजूला कुठून कुठून स्वयंसेवक आले, त्यांत तरुण मुलीही होत्या. ज्यांनी त्या वेळी त्यांची सोय पाहिली असेल, त्यांच्या मनात पहिले प्रश्न कोणते आले असतील? ही निजणार कुठे, न्हाणीला आडोसा आहे का, रात्री काही झाले तर हाक मारायची कुणाला. आपली मुलगी ज्यांच्याकडे चालली आहे, त्यांना हेच तीन प्रश्न लिहून विचारा. उत्तर गुळमुळीत आले, तर तिकिटाची घाई करू नका.