गोष्ट सांगणारा कुठे उभा आहे?

मुलांचं पुस्तक हातात आलं की आपण मोठी माणसं बहुधा एकच विचारतो, यातून मुलाला शिकायला काय मिळेल? आज मी तुम्हाला दुसरा प्रश्न देणार आहे. गोष्ट सांगणारा माणूस मुलापासून किती अंतरावर उभा आहे? जर्मन भाषेतलं बालसाहित्य हा प्रश्न मनात ठेवून वाचलं, की त्याची खरी गोडी कळते.

ग्रिम बंधूंच्या लोककथांचा पहिला खंड १८१२ साली आला. आपल्याकडे घरोघरी पोचलेली हिमगौरी त्यातलीच. पण हा संग्रह झाला तो अभ्यासकांच्या ओढीने. त्याला टिपा होत्या, पाठभेद होते. त्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. समोर लहान मूल बसलं आहे, याचं भान सांगणाऱ्याला येऊ लागलं होतं.

१८४४च्या नाताळात फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिश हॉफमन आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी पुस्तक शोधत होते. एकही मनासारखं मिळेना, तेव्हा त्यांनी कोरी वही आणली आणि स्वतःच चित्रं काढून पद्यं लिहिली. तेच ‘श्ट्रुव्हलपेटर’. त्यात अंगठा चोखणाऱ्या कोनराडचे दोन्ही अंगठे एक शिंपी येऊन कात्रीने कापून टाकतो. ताल इतका पक्का, की पोरांच्या तोंडी तो सहज बसतो. पण सांगणारा उंचावर उभा आहे, हातात शिक्षा घेऊन. मला ते पुस्तक वाचताना आजही कोनराडचीच बाजू घ्यावीशी वाटते.

आता १९२९ सालात या. एरिश केस्टनर यांचं ‘एमिल आणि गुप्तहेर’. इथे मी जरा रेंगाळणार आहे. एमिलची आई विधवा, घरीच बायकांचे केस धुऊन, विंचरून संसार चालवणारी. ती त्याला बर्लिनला आजीकडे पाठवते, सोबत एकशे चाळीस मार्क. पैसे हरवू नयेत म्हणून एमिल रेल्वेत ते पाकीट कोटाच्या आतल्या अस्तराला टाचणीने टोचून ठेवतो. त्याला डुलकी लागते आणि पैसे चोरीला जातात. पोलिसांकडे जावं, तर गावच्या पुतळ्याचं नाक रंगवल्याची धास्ती त्याच्या मनात आहे. शेवटी चोर पकडला जातो, तेव्हा नोटांवरची टाचणीची भोकंच पुरावा ठरतात. एका जपून वागणाऱ्या पोराची काळजी कथेचं कुलूप उघडते. ही कारागिरी पाहा.

आणखी एक जागा दाखवतो. चोराच्या मागावर एमिल ट्रॅममध्ये चढतो, खिशात दमडी नाही. शेजारचा एक गृहस्थ त्याचं तिकीट काढून देतो. पुढे वार्ताहर म्हणून तोच गृहस्थ पुन्हा भेटतो आणि आपलं नाव सांगतो, केस्टनर. लेखक स्वतः गोष्टीत उतरला, तो उपदेश करायला नाही, तर मुलाचं तिकीट काढायला. तो मुलाच्या शेजारी येऊन उभा राहिला, आणि माझ्या मते जर्मन बालसाहित्य इथे वळलं.

बर्लिनची पोरं टोळी करून चोराचा माग काढतात. त्यांच्यात एक लहानगा डीन्सटाग आहे. त्याच्या वाट्याला धावपळ नाही, फक्त घरी टेलिफोनजवळ बसणं. त्याची मजा बुडते, पण तो जागचा हलत नाही. पुस्तकाच्या शेवटी आजी सर्वांसमोर त्याचं कौतुक करते. या पुस्तकावरच्या १९३१च्या चित्रपटात ही भूमिका करणारा मुलगा हान्स लोर १९४२ साली युद्धात मारला गेला. एमिल झालेला रोल्फ व्हेंकहाउसही त्याच वर्षी गेला. त्याआधी, १० मे १९३३ रोजी, बर्लिनच्या चौकात नाझींनी केस्टनर यांची पुस्तकं जाळली. गर्दीत उभं राहून त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

युद्धानंतर येला लेपमन या ज्यू पत्रकार बाई लंडनमधल्या निर्वासनातून परत आल्या. ज्या देशाने आपल्याला हाकललं, त्याच देशातल्या मुलांसाठी त्यांनी देशोदेशीच्या सरकारांना पत्रं लिहून बालपुस्तकं मागवली. १९४६ साली म्युनिकला त्यांचं प्रदर्शन भरलं आणि १९४९ साली तिथेच आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उभं राहिलं. भाकरी नसताना पुस्तकं कशाला, असं विचारणारे तेव्हाही होते. लेपमन बाईंचा आग्रह मला अगदी पटतो.

पुढची पिढी अद्भुताकडे वळली. ओटफ्रीड प्रॉयस्लर यांच्या ‘क्राबाट’मध्ये (१९७१) काळी जादू शिकवणारी गिरणी आहे, सत्तेचा मोह पोरांना कसा ओढून नेतो, हे त्या पिढीने अंगावर झेललं होतं. मिखाएल एंडे यांची ‘मोमो’ (१९७३) ही काहीही न करता नुसती ऐकून घेणारी मुलगी. ‘न संपणारी गोष्ट’ (१९७९) तर दोन रंगांच्या शाईत छापली. आपलं जग एका रंगात, कल्पनेचं दुसऱ्या. वाचणारा मुलगाच हळूहळू पुस्तकात शिरतो.

आणि २०१० साली वोल्फगांग हेर्नडोर्फ यांची ‘चिक’ ही कादंबरी आली. चौदा वर्षांचा माइक आणि रशियातून आलेला त्याचा वर्गमित्र एका चोरलेल्या लाडा गाडीतून बर्लिनबाहेर पडतात. इथे सांगणारा माइकच. वर उभं राहणारं कोणी नाही, शेजारी येऊन तिकीट काढणारंही कोणी नाही. जग वाईट आहे, असं माइकला लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलेलं आहे. पण वाटेत भेटणारी माणसं जवळजवळ सगळीच चांगली निघतात, आणि हे त्याला कोणी समजावून सांगत नाही. त्याचं त्यालाच उमगतं.