रिडक्शन चाकापाशीच हवं



काल याच व्यासपीठावरून पाणीवाटपावर व्याख्यान झालं. आज मी रिमोटवर चालणाऱ्या हातभर लांबीच्या गाडीच्या गिअरवर बोलणार आहे. मागच्या रांगेतून "हे काय आणलंय?" असा आवाज आला, तो मी ऐकला. जोर कमी पडला की मोठं इंजिन मागायचं, की आहे तो जोर नीट वापरायचा, हा प्रश्न गाडी लहान झाली म्हणून लहान होत नाही. म्हणून आणलंय.

क्रॉलर म्हणजे काय, हे पुढच्या दोन रांगांना सांगायला नको. ती मंडळी गाड्या मांडीवर घेऊनच बसली आहेत. (हशा) बाकीच्यांसाठी एवढंच, की ही गाडी शर्यतीची नाही, दगड चढण्याची आहे. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते आणि चाकाला मात्र सेकंदाला एखादाच फेरा हवा असतो. फेऱ्यांची ही घट, म्हणजेच रिडक्शन, गिअर करतात. फेरे घटतात तसा पीळ वाढतो, थोडा घर्षणात जातो.

आता हिशेब करू. समजा, मोटरवरचं पिनियन, म्हणजे लहान गिअर, 15 दात्यांचं आणि समोरचं स्पर, म्हणजे मोठा गिअर, 60 दात्यांचं. घटीचा रेशो झाला 4. गिअरबॉक्समध्ये 2.6. ॲक्सलमधला क्राऊन 30 दात्यांचा आणि त्याचं पिनियन 8 दात्यांचं, म्हणजे 3.75. गुणाकार 39. मोटरचे 39 फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. मग हौसेनं मोठे टायर येतात. 96 मिलिमीटरचे काढून 120 चे घातले की हीच गाडी 31 रेशो असल्यासारखी वागू लागते. दगडापाशी मोटर अडते. अडलेली मोटर सर्वांत जास्त करंट ओढते, फिरत नाही म्हणून वारा घेत नाही, तापत जाते. मग कंट्रोलर स्वतःला वाचवायला बंद होतो, आणि कोणीतरी सल्ला देतं, दमदार मोटर घ्या.

मोटर नको, रिडक्शन वाढवा, इथवर जाणकार माझ्या बाजूनं असतात. पण लगेच ते मोटरवरचं पिनियन बदलतात. माझं भांडण तिथे आहे.

15 काढून 10 चं पिनियन बसवलं की 39 चे 58.5 होतात. स्वस्तात होतं, संध्याकाळी चहा व्हायच्या आत होतं. पण वाढलेला पीळ कोणाच्या अंगावरून जातो ते पाहा. गिअरबॉक्समधून निघणाऱ्या शाफ्टवर आधी मोटरच्या 10.4 पट पीळ होता, आता 15.6 पट झाला. तो क्रॉस जॉइंटला सोसायचा, ॲक्सलच्या पिनियनच्या त्या 8 दात्यांना सोसायचा. शिवाय शाफ्टच्या पिळाचा उलटा धक्का चासीला बसतो. थ्रॉटल दिला की गाडी एका कुशीवर कलते. आडव्या उतारावर खालची कूस तीच असेल, तर गाडी कलंडते.

आता हीच दीडपट घट चाकापाशी करा. पोर्टल ॲक्सलमध्ये प्रत्येक चाकाला लागून 12 आणि 18 दात्यांची जोडी बसवली, तर चाकाला 58.5 च मिळतात. पण मधल्या शाफ्टवर 10.4 च राहतात, आणि ॲक्सलच्या आतल्या शाफ्टवर 39. शेवटचा भार फक्त शेवटचे दोन गिअर उचलतात. ॲक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर जातो, त्याचं पोट दगडाला घासत नाही. वाढलेलं वजनही गाडीच्या तळाशी राहतं, जिथे ते हवंच असतं. मोठ्या गाड्यांत युनिमॉगनं हे कधीच केलं होतं. आपल्या छंदात ट्रॅक्ससनं 2017 साली टीआरएक्स-4 ला पोर्टल दिले आणि 2020 मध्ये ॲक्सियलच्या तिसऱ्या पिढीच्या एससीएक्स10 नं तोच रस्ता धरला.

("मग ती वर कधी पोचणार?" सभागृहातून प्रश्न. हशा.)

पोचेल, साहेब. आधीच्या गाडीपेक्षा हमखास पोचेल. मॅन्युअल जीप रँग्लर रुबिकॉनचा पहिला गिअर 5.13, ट्रान्सफर केसचा लो 4, ॲक्सलचा 4.10. गुणाकार 84 च्या वर जातो. ती गाडी माणसं बसवून डोंगरात जाते, आणि तिच्यावर संथपणाचा ठपका कोणी ठेवत नाही.

इथे मला इफ्रेम शे या माणसाबद्दल बोलायचंच आहे. मिशिगनमधला हा लाकडाचा व्यापारी. जंगलातून ओंडके आणायला लाकडी रूळ टाकलेले, आणि नेहमीच्या वाफेच्या इंजिनाचे दांडे त्या रुळांना हाणून हाणून फोडायचे. शेनं दांडेच काढून टाकले. सिलिंडर उभे केले, तेही सगळे उजव्या बाजूला. तोल राहावा म्हणून बॉयलर डावीकडे सरकवला. उजव्या अंगानं एक लांब शाफ्ट सोडला, वळणावर वाकता यावं म्हणून त्याला सांधे दिले, आणि त्या शाफ्टवरच्या लहान पिनियननं थेट चाकावर बसवलेला मोठा गिअर फिरवला. लक्षात आलं ना? घट शेवटच्या पायरीवर, चाकावर! शाफ्ट भरभर फिरतो, चाक सावकाश, आणि प्रत्येक चाक ओढतं, नुसतं घरंगळत येणारं एकही नाही. 1881 साली त्याला पेटंट मिळालं. ओहायोतल्या लायमाच्या कारखान्यानं अशी पावणेतीन हजारांच्या आसपास इंजिनं बांधली, शेवटचं 1945 मध्ये. वेस्ट व्हर्जिनियातल्या कॅसच्या डोंगरी रेल्वेवर शे इंजिनं आजही धावतात, शंभर फुटांत अकरा फूट चढणाऱ्या वाटेवर. त्या शाफ्टचे सांधे बाहेरून उघडे दिसतात, आणि...

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरली आहेत. तेव्हा मोटरच्या वेढ्यांचा भाग सोडतो. 35 वेढ्यांची की 55 ची, यावर पुढच्या रांगेतले मित्र बाहेर व्हरांड्यात बोलतीलच.

पोर्टलविरुद्धचा खरा आक्षेप असा, की दात्यांच्या चार जोड्या वाढतात, तेवढी ढिलाई वाढते आणि चिखलपाण्यातून आल्यावर चारही घरं उघडून ग्रीस भरावं लागतं. मान्य आहे. भरावं लागतं.

शेवटची चिठ्ठी वाचतो. "जुन्या गाडीला पोर्टल बसतच नाहीत, तिनं काय करावं?" तिनं चाकाच्या दिशेनं जमेल तितकं जावं. दोन्ही ॲक्सलचे क्राऊन-पिनियन जास्त घटीचे घ्या. 15 दात्यांचं पिनियन तसंच ठेवलं तर मधल्या शाफ्टवर 10.4 च राहतात. दोन्हीकडचा रेशो एकच ठेवा. काही जण मागचा ॲक्सल मुद्दाम थोडा संथ ठेवतात, म्हणजे पुढची चाकं ओढतात आणि गाडी कमी जागेत वळते. दगडमातीत ते छान चालतं, पण सिमेंटवर पुढची आणि मागची चाकं एकमेकांविरुद्ध ताण घेतात. एवढं करूनही जोर कमी पडला, तरच मोटरच्या पिनियनला हात लावा. तो लावताना स्पर आणि पिनियनच्या दात्यांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घाला, मोटर तिच्यावर दाबून स्क्रू आवळा आणि स्पर हातानं फिरवा. पट्टी न फाटता, नुसती चुणून बाहेर आली की अंतर बरोबर बसलं.