लादी कापायचे पाते: निवड आणि वापर

(लादीकाम शिकणाऱ्या युवक-युवतींच्या वर्गात एका ज्येष्ठ मिस्त्रींनी केलेले हे भाषण. जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातून बरीच मुले भिवंडी-वसईकडे बांधकामावर जातात. त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून ते येथे देत आहोत.)

पोरांनो आणि पोरींनो,

भात झोडून झाले की तुमच्यातले निम्मे जण शहराची गाडी धराल. रेती-विटा वाहणाऱ्या बिगाऱ्याचा रोज किती आणि लादी बसवणाऱ्या मिस्त्रीचा किती, हे मी सांगायची गरज नाही. कटर कोणाच्या हातात आहे, त्यावर पुष्कळदा हा फरक ठरतो. आणि कटर हातात आला की जोखीमही आली. लादी मालकाची असते. कडेचा टवका उडाला की ठेकेदार त्याचे पैसे तुमच्या रोजातून वळते करतो. म्हणून आज सिमेंट, लेव्हल, सांधे हे सगळे बाजूला ठेवू आणि फक्त पात्याचे बोलू.

पाते निवडण्याआधी लादी ओळखा. भिंतीला लावतात ती साधी सिरॅमिक लादी. आतली माती सच्छिद्र असते आणि वर काचेचा थर असतो. जमिनीला हल्ली लावतात ती व्हिट्रिफाइड, म्हणजे पोर्सेलिन. मोरबीहून ट्रकच्या ट्रक भरून येते ती बहुतेक हीच. ती सुमारे 1200 अंशांवर भाजलेली असते आणि पाणी जेमतेम अर्धा टक्का पिते. भिंतीची लादी 10 टक्क्यांहून जास्त पिते. खोक्यावरचे वाचता आले नाही तरी अडत नाही. लादी पालथी करा आणि पाठीवर चार थेंब टाका. थेंब लगेच जिरला तर सिरॅमिक, तसाच बसून राहिला तर पोर्सेलिन.

आता पाते. याला करवतीसारखे दात नसतात. मधे पोलादी तबकडी आणि कडेला धातूच्या भुकटीत रुतवलेले हिऱ्याचे बारीक कण. हे हिरे कारखान्यात बनवलेले असतात, तेव्हा कोणी पाते चोरून सोनाराकडे नेऊ नका! हे पाते लादी चिरत नाही, घासते. घासता घासता वरचे कण बोथट होऊन गळतात, त्यांना धरणारा धातू झिजतो आणि खालचे ताजे कण उघडे पडतात.

इथे एक उलटी गोष्ट आहे, ती नीट लक्षात घ्या. लादी जितकी कठीण, तितका पात्याचा धातू मऊ हवा. पोर्सेलिन फार कठीण आणि घट्ट. ती धातूला चटकन झिजवत नाही. धातूही कडक असला तर बोथट कण तिथेच अडकून बसतात, पाते गुळगुळीत होते, कापत नाही, नुसते तापते. मग माणूस जोर लावतो आणि लादी तडकते. म्हणून पाकिटावर पोर्सेलिन किंवा व्हिट्रिफाइड असे लिहिलेलेच पाते घ्या. ते दुप्पट महाग पडेल. पण एक मोठी लादी वाचली तरी पाते फुकटात पडले, असा माझा हिशेब आहे.

गुळगुळीत झालेले पाते लगेच फेकू नका. तुमच्या आजीच्या घरी जाते घासून गुळगुळीत झाले की टाकी लावून घेतात ना? तसेच हे. खरबरीत वाळूचा दगड किंवा सिमेंटचा ब्लॉक घ्या आणि त्यात उथळ चार-पाच काप मारा. धातू खरवडला जातो, नवे कण वर येतात आणि पाते परत चालू लागते.

कडेचे तीन प्रकार बाजारात दिसतील. मधे मधे खाचा असलेले पाते काँक्रीट, विटा, कोब्यासाठी आहे. ते लादीला लावले तर कड कुरतडल्यासारखी होईल. सलग कडेचे पाते हळू चालते, पण काप स्वच्छ देते. तिसरे टर्बो, कडेवर नागमोडी किंवा जाळीदार नक्षी असलेले. पोर्सेलिनसाठी पातळ कडेचे जाळीदार टर्बो मला सर्वांत बरे वाटते. एकच पाते घेण्याइतके पैसे असतील तर तेच घ्या.

4 इंची मार्बल कटरला 110 मिलिमीटरचे पाते लागते आणि त्याचे भोक बहुधा 20 मिलिमीटरचे असते. 4 इंची ग्राइंडरचे भोक 16 चे. मोठ्या भोकाचे पाते चिंधी किंवा कागद गुंडाळून बसवणारे मी पाहिले आहेत. तसे कधीही करू नका, योग्य रिंग मिळते ती घाला. यंत्र मिनिटाला 12,000 फेरे घेत असेल तर पात्याची कड ताशी सुमारे 250 किलोमीटरने धावते. म्हणून पात्यावर लिहिलेले कमाल फेरे यंत्रापेक्षा कमी असता कामा नयेत. बाणाची दिशा जुळवा. गार्ड काढू नका. पात्याला चीर दिसली की ते बाद.

कापताना लादी पूर्ण टेकलेली हवी, मधे पोकळी नको. रेघेवर चिकटपट्टी लावा. पहिला हात फक्त 2-3 मिलिमीटर खोल, सावकाश, मग दुसऱ्या हातात पूर्ण. शेवटच्या दोन इंचांत हात सर्वांत हलका ठेवा, तुकडा तिथेच मोडतो. यंत्राचे वजन पुरेसे आहे, वरून रेटू नका. ठिणग्या दिसल्या किंवा कड निळी पडली तर जोर जास्त झाला. पाते मोकळे फिरवून थंड होऊ द्या. बोर्डासाठी किंवा नळासाठी एल आकाराचा काप असेल तर आतल्या कोपऱ्यात आधी डायमंड बिटने छोटे भोक पाडा आणि काप त्या भोकापर्यंतच आणा. टोकदार कोपरा ठेवला तर चीर तिथूनच धावते, कधी कधी लादी बसवून महिना झाल्यावर.

आता पाणी. पाण्याने पाते थंड राहते हे सगळे सांगतात. पण माझ्या दृष्टीने पाण्याचे मोठे काम धूळ दाबण्याचे आहे. या लादीत गारगोटी असते. कोरडी कापली की तिची इतकी बारीक धूळ उडते की डोळ्यांना दिसतही नाही, आणि तीच छातीत खोल जाते. तिने सिलिकोसिस होतो. फुप्फुस आतून कडक होते, त्याला औषध नाही, आणि टीबीचा धोका वाढतो. पुष्कळांना टीबी समजून नुसत्या त्याच्याच गोळ्या मिळत राहतात. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर, धार भागातले आपल्यासारखेच आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा भागातल्या गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि हा आजार घेऊन परतले. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या 238 मृतांच्या वारसांना प्रत्येकी 3 लाख रुपये देण्याचा आदेश दिला. पैसे घरी आले, माणूस आला नाही.

तेव्हा बंद खोलीत कोरडे कापायचे नाही. झाकणाला भोके पाडलेली बाटली घेऊन जोडीदाराने कापावर धार धरावी, पण यंत्राच्या मोटारीवर पाणी जाऊ देऊ नये. वीज 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून घ्या आणि जोडाची वायर ओल्यात ठेवू नका. नाका-तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. एन-95 मास्क घट्ट बसवा, डोळ्यांना चष्मा लावा. ओढणी, सैल बाह्या, सैल हातमोजे पात्याजवळ नकोत. चिखल ओला असतानाच पुसून उचला. वाळल्यावर झाडलात तर तीच धूळ परत उडाली.

आणखी एक. वय 18 ते 60 असेल आणि वर्षात 90 दिवस बांधकामावर भरले असतील तर बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी होते. दिवसांचा दाखला ठेकेदाराकडून काम चालू असतानाच मागा, नंतर तो भेटत नाही.

बाहेर दोन फुटक्या लाद्या आणि तीन पाती मांडली आहेत. आधी थेंब टाकून लादी ओळखा, मग पाते उचला. पहिला काप पोरी मारतील.